लिहून झालं, तरच काम संपलं

सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज या पट्ट्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या टीम काम करतात. कुणी साखर कारखान्यासाठी, कुणी पतसंस्थेसाठी, कुणी दूध संघासाठी, तर कुणी दवाखान्यासाठी. पुण्यातल्या कंपनीची नोकरी गावातल्या घरून करणारी मुलंमुलीही आहेत. त्यांना घडवणारी कॉलेजं इथेच आहेत: सांगलीचं वालचंद १९४७ पासून, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, राजारामनगरची राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासून.

या टीमची एक अडचण मात्र सगळीकडे सारखी आहे. माणूस दोन-तीन वर्षांत तयार होतो आणि मोठ्या पगारावर पुण्याला किंवा बंगळुरूला जातो. त्यात गैर काही नाही, त्याने जावंच. पण प्रणाली अशी का बांधली, कुठे हात लावायचा नाही, रात्री काही बंद पडलं तर आधी काय पाहायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातच राहतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं. नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात 'केटी' (नॉलेज ट्रान्सफर) उरकली जाते. दोन-चार कॉल होतात, मागे राहिलेला मान डोलावतो आणि महिन्याभराने त्याच माणसाला फोन लावावा लागतो.

या दुखण्यावर उपाय आहे. तांत्रिक लिखाण कामानंतर करायचं वेगळं काम न ठेवता ते त्याच स्प्रिंटमधलं, म्हणजे कामाच्या त्याच ठरलेल्या टप्प्यातलं, काम करायचं. पाच-सात जणांच्या टीमला वेगळा तांत्रिक लेखक परवडत नाही, आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते. सवय लागते आणि थोडी शिस्त लागते.

अजाइल म्हणजे लिहायचं नाही, हा गैरसमज

'आम्ही अजाइल आहोत, त्यामुळे डॉक्युमेंटेशन करत नाही' हे वाक्य कानावर येतं. त्याचं मूळ फेब्रुवारी २००१ मध्ये आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइल जाहीरनामा लिहिला. त्यातल्या चार मूल्यांपैकी एक असं की, सर्व काही सांगू पाहणाऱ्या भरगच्च कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर अधिक मोलाचं. पण मागे ठेवलेल्या गोष्टींनाही मोल आहे, हे त्याच जाहीरनाम्यात पुढे स्पष्ट सांगितलं आहे. त्या १७ जणांत वॉर्ड कनिंगहॅम होते. टीमने मिळून लिहायचं आणि मिळून दुरुस्त करायचं, यासाठी जगातली पहिली विकी त्यांनीच १९९५ मध्ये सुरू केली होती. अशी माणसं लिखाणाच्या विरोधात कशी असतील? त्यांचा विरोध होता तो काम सुरू होण्याआधी जाडजूड बाड तयार करायचं, त्यावर सह्या घ्यायच्या आणि पुढे ते कुणी उघडायचंच नाही, या पद्धतीला.

म्हणून अजाइल टीमने थोडं लिहावं, वेळेवर लिहावं आणि जे लिहिलं ते खरं ठेवावं.

आधी वाचणारा ठरवा

पुढची उदाहरणं एका कल्पित टीमची आहेत. सांगलीत पाच जण मिळून एका साखर कारखान्यासाठी ऊस नोंद, तोडणी आणि वजनकाट्याची प्रणाली बनवतात, असं समजा. त्यांचं लिखाण कोण वाचणार? टीममध्ये आलेला नवा डेव्हलपर वाचेल. रात्री दोनला काटा अडला आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागली की सपोर्टवरचा माणूस वाचेल. काट्यावरचा कारकून आणि शिवारात फिरून नोंदी घेणारा कारखान्याचा चिटबॉय वाचेल. आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर हीच टीम स्वतः वाचेल.

या सगळ्यांना एकच मोठी फाइल देऊन भागत नाही. डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली 'डायटॅक्सिस' पद्धत इथे उपयोगी पडते. ती तांत्रिक लिखाणाचे चार प्रकार वेगळे ठेवायला सांगते. पहिला धडा: नवख्याला हाताला धरून पहिलं काम पूर्ण करून दाखवणारा. दुसरा कृती: ठरावीक काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या. तिसरा संदर्भ: कोणत्या रकान्यात काय येतं, एपीआय काय मागते आणि काय देते, याची कोरडी पण अचूक माहिती. चौथा खुलासा: हे असं का आहे. रात्री दोनच्या माणसाला खुलासा नको असतो, त्याला कृती हवी असते. नव्या डेव्हलपरला पहिल्या दिवशी संदर्भाचे तक्ते नको असतात, त्याला धडा हवा असतो. लिहायला बसण्याआधी पानाच्या डोक्यावर 'हे कुणासाठी आणि कशासाठी' अशी एक ओळ लिहा. ती लिहिता आली नाही, तर त्या पानाची गरज आहे का, हे आधी तपासा.

स्प्रिंटमध्ये लिखाणाची जागा

समजा तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा आहे. त्यात लिखाण पाच ठिकाणी बसवता येतं.

प्लॅनिंगच्या वेळी प्रत्येक तिकिटापुढे विचारा: यामुळे कोणतं पान बदलेल? उत्तर तिकिटातच लिहा. 'कोणतंही नाही' हेही उत्तर चालतं, पण ते विचार करून दिलेलं असावं. कामाचा अंदाज बांधताना लिखाणाचा वेळ त्यातच धरा. वेळ धरला नाही की लिखाण होत नाही.

टीमच्या डेफिनिशन ऑफ डनमध्ये, म्हणजे काम पूर्ण कधी मानायचं त्या यादीत, एक ओळ घाला: 'बदललेलं वागणं जिथे लिहिलेलं आहे, ते पान याच बदलासोबत दुरुस्त केलं आहे.' ही ओळ सर्वांनी मिळून मान्य करावी. वरून लादली तर दोन स्प्रिंटमध्ये ती विसरली जाते.

लिखाण कोडच्याच रेपॉझिटरीत ठेवा. मार्कडाउनमधल्या साध्या फाइल पुरेशा आहेत. कोड बदलणारी पुल रिक्वेस्ट आणि पान बदलणारी पुल रिक्वेस्ट एकच असली की दोन फायदे होतात. तपासणारा दोन्ही एकत्र पाहतो, आणि कोणत्या बदलाबरोबर कोणतं वाक्य बदललं याचा इतिहास गिटमध्ये आपोआप राहतो. एकाच्या लॅपटॉपवरची वर्ड फाइल, दुसऱ्याच्या ड्राइव्हवरची प्रत आणि तिसऱ्याला ईमेलने गेलेली जुनी आवृत्ती हा गोंधळ यातून टळतो.

स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये डेमो दाखवताना लिहिलेल्या पायऱ्या वाचत वाचत दाखवा. आठवणीने केलेल्या डेमोत चुका झाकल्या जातात, पान वाचून केलेल्या डेमोत पानाच्या चुका लगेच उघड होतात.

रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या स्प्रिंटकडे मागे वळून पाहण्याच्या बैठकीत, टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. या दोन आठवड्यांत कोणता प्रश्न दोनदा विचारला गेला, ते पाहा. दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर टाइप न करता पानावर लिहायचं आणि ग्रुपवर त्याची लिंक द्यायची, एवढा एक नियम पाळला तरी वर्षाअखेर तुमच्याकडे खऱ्या गरजेतून तयार झालेली माहिती जमलेली असेल.

'का' लिहा: निर्णयाची नोंद

काय केलं ते कोड वाचून कळतं. का केलं ते कोडमध्ये सहसा सापडत नाही. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये यासाठी एक छोटी रीत सुचवली. प्रत्येक महत्त्वाच्या तांत्रिक निर्णयाला एक-दोन पानांची नोंद, क्रमांकासह, कोडशेजारी. आपल्या कल्पित टीमची अशी नोंद पाहा.

*निर्णय ७: वजन आधी काट्यावरच्या संगणकात साठवायचं*

*स्थिती: मान्य.*

*परिस्थिती: काट्यावरचं इंटरनेट गाळप हंगामात अधूनमधून जातं. वजन थेट सर्व्हरवर पाठवलं तर नेट येईपर्यंत गाडी काट्यावर उभी राहते आणि रांग वाढते.*

*निर्णय: भरलेल्या आणि मोकळ्या गाडीचं वजन आधी काट्यावरच्या संगणकात साठवायचं, पावती लगेच छापायची आणि नेट आल्यावर नोंदी सर्व्हरवर पाठवायच्या. पावतीचा क्रमांक काट्याच्या क्रमांकापासून सुरू होईल, म्हणजे दोन काट्यांच्या पावत्या एकमेकींत मिसळणार नाहीत.*

*परिणाम: रांग थांबणार नाही. पण मुख्य कार्यालयातला आकडा काही वेळ मागे असेल. काट्यावरच्या संगणकाचा बॅकअप रोज घ्यावा लागेल.*

वर्षभराने नवा डेव्हलपर येईल आणि विचारेल, 'हे दोनदा साठवण्याचं लचांड कशाला? थेट सर्व्हरवर पाठवू की.' ही नोंद नसेल तर तो ते साफ करून टाकेल आणि पहिल्यांदा नेट गेलं की काटा अडेल. नोंद असेल तर तो दोन मिनिटांत समजेल. परिस्थिती खरोखर बदलली असेल, उदाहरणार्थ काट्यावर भरवशाची लाइन आली असेल, तर तो नवा निर्णय लिहील. जुनी नोंद पुसू नका. तिच्यावर 'निर्णय १९ ने बदलला' असं लिहून ती तशीच ठेवा.

नोंदीत 'परिणाम' लिहिताना तोटेही लिहा. नुसते फायदे लिहिलेल्या नोंदीवर पुढचा माणूस विश्वास ठेवत नाही.

शिवाराची भाषा आणि कोडची भाषा

आपल्या भागातल्या प्रणालींत शेतीचं आणि सहकाराचं ज्ञान भरलेलं असतं. ते गावातल्या मुलाला ठाऊक असेल, पण टीममध्ये नागपूरची किंवा हैदराबादची मुलगी आली तर तिला आडसाली आणि सुरू यांतला फरक कुणी सांगायचा? म्हणून प्रत्येक प्रकल्पात एक शब्दसूची ठेवा. तिच्यात तीन रकाने असावेत: लोक वापरतात तो शब्द, त्याचा अर्थ, आणि कोडमधलं किंवा डेटाबेसमधलं नाव.

आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीची, आणि खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक. ही माहिती नुसती शोभेची नाही. लागणीच्या तारखेवर उसाचं वय ठरतं आणि वयावर तोडणीचा क्रम. खोडव्याला लागणीची तारीख नसते, मागच्या तोडणीची तारीख असते. हे न समजलेल्या डेव्हलपरने तारखेचा एकच रकाना सक्तीचा केला तर चिटबॉय त्यात मनाला येईल ती तारीख टाकणार आणि तोडणीचा कार्यक्रम कोलमडणार.

असंच उसाच्या जातीचं. आपल्याकडे को ८६०३२ आणि कोएम ०२६५ या जाती मोठ्या प्रमाणावर आहेत. जातीचा आकडा डेटाबेसमध्ये संख्या म्हणून साठवला तर ०२६५ मधलं पुढचं शून्य गळतं आणि अहवालात नुसतं २६५ उरतं. लोक बोलताना या जातीला २६५ म्हणतातही, त्यामुळे ही चूक लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुसऱ्या फाइलमधल्या ०२६५ शी तिचा मेळ बसत नाही आणि एकाच जातीच्या दोन जाती होतात. संदर्भाच्या पानावर एकच ओळ पुरते: 'जात हा मजकूर आहे, संख्या नाही; पुढचं शून्य जपायचं.' अशा ओळी छोट्या दिसतात, पण चुकीचा अहवाल शोधण्यात जाणारे दिवस त्या वाचवतात.

वापरणाऱ्यासाठी मराठीत, साध्या पायऱ्यांत

वापरणाऱ्यांसाठीच्या सूचना पुष्कळदा अशा सापडतात: 'वजन प्रक्रियेकरिता संबंधित वाहनाचा तपशील प्रणालीमध्ये प्रविष्ट करून तो सादर करण्यात यावा.' काट्यावरच्या माणसाला यातून काय करायचं ते कळत नाही. तेच असं लिहा:

१. गाडी काट्यावर पूर्ण उभी राहिली का ते पाहा.
२. टोकन क्रमांक टाका. शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांक पडद्यावर येईल. ते चिठ्ठीशी पडताळा.
३. आकडा स्थिर झाला की 'भरलेलं वजन' हे बटण दाबा.
४. गाडी मोकळी होऊन परत आली की तेच टोकन टाका आणि 'मोकळं वजन' दाबा.
५. पावती छापा. पावती निघाली नाही तर पुन्हा वजन करू नका. 'पावती पुन्हा छापा' दाबा.

प्रत्येक पायरी छोटी आणि स्पष्ट आहे. बटणांची नावं पडद्यावर आहेत तशीच आहेत. शेवटच्या पायरीत, काही बिघडलं तर काय करायचं तेही आहे, आणि ते नेमकं तिथेच आहे जिथे माणूस अडतो. पडदा मराठीत असेल तर सूचनाही मराठीतच हव्यात. पडद्यावरची बटणं इंग्रजीत असतील तर ती नावं देवनागरीत आणि पडद्यावर दिसतात तशी, दोन्ही द्या.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा नुसता खच होऊन बसते, शोध घेतला तर सापडत नाही आणि गिटमध्ये बदल वाचता येत नाहीत. जुनी मॅन्युअल अशा फॉन्टमध्ये असतील तर ती एकदा युनिकोडमध्ये आणून घ्या.

या लिखाणाची किंमत शेवटी शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळायला हवेत. ते बिल वजनावरून निघतं. काट्यावर पाचव्या पायरीत गोंधळ झाला आणि एका खेपेची दोनदा नोंद झाली, तर ती निस्तरेपर्यंत कुणाचं तरी बिल अडकून पडतं.

यंत्र बनवलं की ते लोकांना समजावून सांगणंही आलं, ही जाण या भागाला जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर नांगरांचा कारखाना उभा केला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन बिघडते असा समज शेतकऱ्यांत होता. नांगर चांगला असणं पुरेसं नव्हतं. तो का आणि कसा वापरायचा, हे पटवून द्यावं लागलं. पुढे १९२० मध्ये त्याच माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं पत्र निघालं आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. माल बनवणाऱ्यांनी वाचकाशी त्याच्या भाषेत बोलावं, याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्यासमोर आहे.

लिहिलेलं खरं ठेवणं

चुकीचं पान हे पान नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून माणूस चुकीचं बटण दाबतो. यासाठी तीन गोष्टी करा.

प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस द्या आणि त्याचं नाव पानावर लिहा. तो टीम सोडणार असेल तर केटीच्या यादीत पहिला मुद्दा हाच: कोणती पानं कुणाच्या नावावर करायची.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी रीडमी द्या आणि एकही तोंडी सूचना न देता प्रणाली त्याच्या संगणकावर चालू करायला सांगा. तो जिथे अडेल तिथे पान अपुरं आहे. त्याचं पहिलं काम म्हणजे ती जागा दुरुस्त करणारी पुल रिक्वेस्ट. यातून पान सुधारतं, आणि इथे लिखाण हे मानाचं काम आहे हेही त्याला पहिल्याच दिवशी कळतं.

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. त्याआधी एक दिवस सगळी कृतीची पानं प्रत्यक्ष करून पाहा. जी चालत नाहीत ती दुरुस्त करा, जी कुणाला लागत नाहीत ती काढून टाका. पतसंस्थेची प्रणाली असेल तर हाच दिवस मार्चअखेरच्या आधी ठेवा. कमी पानं आणि सगळी खरी, हे धोरण ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता कोड वाचून मसुदा तयार करून देतात. संदर्भाच्या पानांसाठी आणि मजकूर नीटनेटका करण्यासाठी ती जरूर वापरा. पण काट्यावरचं नेट जातं हे त्या साधनाला माहीत नाही, खोडव्याच्या तारखेवरून शेतकी विभागाशी काय बोलणं झालं तेही माहीत नाही. 'का' तुम्हालाच लिहावं लागेल, आणि साधनाने लिहिलेली प्रत्येक पायरी हाताने करून पाहावी लागेल.

विद्यार्थ्यांनो, इथून सुरुवात करा

वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे, इतर कॉलेजांतही असे गट बांधता येतात. मुक्त स्रोत प्रकल्पांत शिरायचा सोपा रस्ता लिखाणातून जातो: सूचना पाळून प्रणाली चालू करा, जिथे अडलात तिथलं पान दुरुस्त करून पाठवा. कोडमध्ये हात घालण्याआधी प्रकल्प समजतो आणि तुमचं काम सर्वांना दिसेल असं नोंदलं जातं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातही छापील अहवालाबरोबर एक चांगला रीडमी आणि तीन निर्णयांच्या नोंदी ठेवा. मुलाखतीत 'हा डेटाबेस का निवडला?' असं विचारलं की तुमच्याकडे विचारपूर्वक लिहिलेलं उत्तर असेल.

येत्या सोमवारी

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या स्प्रिंटमध्ये फक्त तीन गोष्टी करा: डेफिनिशन ऑफ डनमध्ये ती एक ओळ घाला, मागच्या वर्षातला सर्वांत जास्त वाद झालेला एक निर्णय नोंदवा, आणि रात्रीच्या सपोर्टला सर्वाधिक लागणारी एक कृती पायरी-पायरीने लिहा. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये शब्दसूची सुरू करा. तिसऱ्यात ही पानं टीमबाहेरच्या कुणाला तरी वाचायला देऊन तो कुठे अडतो ते पाहा.

टीममधला एखादा माणूस पुढच्या वर्षी जाणार आहे, हे धरूनच चला. तो आनंदाने जाऊ दे आणि तुमचं काम त्याच्या मागेही नीट चालू दे, यासाठी आजच्या तिकिटाबरोबर आजचं पान लिहा.